उचंत खात्यातील आठवण

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपले, दिगंबर घरांतून दशलक्षण पर्वाची सांगता झाली आणि थकलेली माणसे झोपी गेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर यांसारखी गावे माळवदांच्या दगडमातीखाली गाडली गेली. सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल त्या पहाटेनंतरही उभा आहे. परंतु भिंत शाबूत राहिली म्हणजे तिच्या आत झोपणारा माणूसही शाबूत राहिला, असे नसते.

नळदुर्गच्या पेठेतील एखादा व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. त्या दिवशी तो सास्तूरला नातलगांना शोधायला गेला होता. आज दुकान नीट चालते, मुले मार्गी लागली आहेत. मात्र रात्री सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून जड ट्रक गेला की तो घाम फुटून उठून बसतो. भूकंपाचा विषय निघाला की उठून जातो. घरचे म्हणतात, ‘त्यांचा स्वभावच तसा आहे.’ हा व्यापारी कल्पनेतला आहे. पण त्याची लक्षणे वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहेत. आघातोत्तर तणावाचा हा विकार होय.

व्यापारी घरांना उचंत खाते ठाऊक असते. जी रक्कम कोणत्या खात्यात घालावी हे कळत नाही, ती तेथे पडून राहते आणि हिशेब मिटवताना दर वेळी समोर येते. आघाताची आठवण काहीशी अशीच असते. इतर प्रसंग काळाबरोबर भूतकाळात जमा होतात. हा प्रसंग मात्र आवाज, वास आणि भीतीसकट जसाच्या तसा राहतो आणि जणू आत्ताच घडतो आहे असा उसळून येतो.

अशा आठवणीची योग्य खतावणी करू पाहणारा एक उपचार ‘ईएमडीआर’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये त्याची कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये त्यांनी आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराचे ८ टप्पे असतात. प्रारंभी पूर्वेतिहास समजून घेतला जातो आणि अस्वस्थता वाढल्यास मन कसे सावरावे, हे शिकवले जाते. त्यानंतर रुग्ण त्या प्रसंगातील सर्वांत त्रासदायक चित्र मनात आणतो. ‘दोष माझाच होता’ यासारखी मनात रुतलेली समजूत शब्दांत मांडतो आणि त्रासाला ० ते १० यांपैकी एक अंक देतो. मग डोके स्थिर ठेवून तो उपचारकाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांमागे नजर फिरवतो. थोड्या वेळाने थांबून ‘आता काय जाणवते?’ एवढेच विचारले जाते. त्रासाचा अंक खाली येईपर्यंत हे आवर्तन चालते. एक बैठक साधारण ६० ते ९० मिनिटांची असते. सारी हकिकत तपशीलवार सांगावी लागत नाही, ही अबोल माणसांसाठी मोठीच सोय आहे.

हे कसे घडते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मन एकाच वेळी आठवण आणि हालणारी बोटे या दोन्हींकडे लक्ष देते, म्हणून आठवणीची धार कमी होते, असे काही मानतात. डोळ्यांच्या हालचाली अनावश्यक असून सुरक्षित वातावरणात आठवणीला सामोरे जाणे हाच खरा उपचार आहे, असे इतर म्हणतात. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या विकारासाठी ईएमडीआरची शिफारस केली आहे. आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचारांचीही तितकीच.

१९९३ मध्ये आपल्या समाजाने हात आखडता घेतला नव्हता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. शासनाने अनेक गावे नव्या जागी वसवली. पण हा उपचार तेव्हा आपल्याकडे पोहोचला नव्हता. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर भारतीय मानसशास्त्रज्ञांना त्याचे प्रशिक्षण मिळू लागले. घरे उभी करण्याचे काम काही वर्षांत संपते. ज्यांची झोप उडाली, त्यांचे काम अजून उरलेले असू शकते.

अशा माणसाला ‘विसरा, नवकार म्हणा’ असे प्रेमाने सांगितले जाते. नवकाराने धीर मिळतो, यात शंका नाही. परंतु न बोलावता येणारी आठवण हे त्याने हौसेने केलेले आर्तध्यान नसते आणि ती श्रद्धेची उणीवही नसते. मोडलेल्या हाडासाठी अस्थितज्ज्ञाकडे जाताना कोणी धर्म सोडत नाही. सामायिकात बसणाऱ्याला तर मनात उठणाऱ्या गोष्टींकडे ज्ञाता-द्रष्टा होऊन पाहण्याची भूमिका परिचित असते. ती या उपचारात उपयोगी पडेल. मात्र साधनेने उपचाराची जागा घ्यावी, अशी अपेक्षा करू नये.

काही पथ्ये आवश्यक आहेत. मोबाइलवरील चित्रफिती पाहून हा प्रयोग घरी करू नये. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञच गाठावा आणि त्याने ईएमडीआरचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे स्पष्ट विचारावे. बैठकीनंतर काही दिवस स्वप्ने वा अस्वस्थता वाढू शकते, याची घरच्यांना कल्पना असावी. दुर्घटना ताजी असताना कोणालाही खोदून खोदून हकिकत विचारू नये. पहिले पाऊल म्हणून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. मात्र रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च प्रत्येक पॉलिसीत मिळेलच असे नाही, म्हणून कलमे वाचून घ्यावीत.

उपचाराने आठवण पुसली जात नाही. नळदुर्गच्या त्या व्यापाऱ्याला सास्तूर आठवतच राहील, गेलेल्यांसाठी डोळेही भरून येतील. फक्त रात्री ट्रक गेला, तर तो ट्रकच आहे हे त्याला कळेल आणि तो पुन्हा झोपू शकेल. घरच्यांनी ‘स्वभाव’ हा शब्द बाजूला ठेवून त्याला एकदा शांतपणे विचारले, तर सुरुवात तेथूनच होऊ शकते.