सुटलेला नट हाती राहावा

विंधनविहिरीतील पंप वर काढताना क्लॅम्पचा नट सैल होतो, पान्यातून निसटतो आणि खाली जातो. वस्तू लहान, परंतु पंप व केसिंग पाइप यांच्यामधील अरुंद जागेत ती अडकली, तर पंप वर येत नाही आणि ऐन पाळीच्या वेळी पीक तहानलेले राहते. अशा वेळी कारागिराच्या हातास दोष देण्यात येतो. आमच्या मते ही उणीव हत्याराची आहे.

सॉकेट पान्याच्या पोकळीत लहानसे लोहचुंबक बसविले, म्हणजे सुटलेला लोखंडी नट आतच राहतो. पितळी व बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या नटांस चुंबक धरीत नाही. तेथे पोकळीत थोडे घट्ट ग्रीस भरावे. चुंबकास चिकटलेला लोखंडाचा कीस दर वेळी पुसून काढावा. एवढे करूनही, काम आरंभण्यापूर्वी विहिरीचे तोंड पाइपाभोवती गोणपाटाने झाकण्यास विसरू नये.

शेतकरी बंधूंनी असे एक सॉकेट हत्यारांच्या पेटीत ठेवावे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याचा उपयोग प्रत्यक्ष करून दाखवावा. नट पडल्यावर गळ टाकीत बसण्यापेक्षा तो पडूच न देणे अधिक शहाणपणाचे आहे.