नाताळचे ताट आणि अंड्याची तारीख

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की चेन्नईच्या पेरंबूर, सांथोम आणि सेंट थॉमस माउंट या भागांतील घरांवर कागदी चांदण्या झळकू लागतात. एकीकडे मार्गळी महिन्याच्या पहाटे दारोदार कोलम रेखले जात असतात, सभागृहांत संगीत महोत्सवाच्या मैफली सुरू असतात, तर दुसरीकडे अँग्लो-इंडियन व तमिळ ख्रिस्ती घरांतून नाताळच्या फराळाची तयारी चाललेली असते. प्लम केक आणि कलकल यांच्या जोडीला काही घरांत जेवणाआधी एक छोटा पदार्थ मांडला जातो. उकडून दोन भाग केलेल्या अंड्यांत मसालेदार पिवळा बलक भरलेला असतो. इंग्रजीत त्यास ‘डेव्हिल्ड एग्ज’ म्हणतात. अठराव्या शतकापासून इंग्रजी पाकशास्त्रात तिखट, मिरपूड घातलेल्या पदार्थाला ‘डेव्हिल्ड’ म्हणण्याची रीत पडली. भरली वांगी, भरली कारली करणाऱ्या मराठी वाचकाला ही ‘भरली अंडी’ म्हटली तर कल्पना चटकन येईल.

कृषी संशोधनाला वाहिलेल्या या वार्तापत्रात सणाच्या खाद्यपदार्थाविषयी लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण गेल्या नाताळात मला विचारला गेलेला एक साधा प्रश्न आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एक आंटी दरवर्षी तीन डझन भरली अंडी करून सगळ्या मजल्यांवर पाठवतात. बाजारातून आणलेला ट्रे माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, “तुम्ही शेतीच्या संशोधनात काम करता ना? मग सांगा, ही अंडी किती दिवसांची आहेत?” मी ट्रे उलटसुलट करून पाहिला. त्यावर ना दिनांक होता, ना गाव, ना उत्पादकाचे नाव. मला उत्तर देता आले नाही. त्यांना ते देता येईल अशी कोणतीही सोय आपल्या व्यवस्थेत नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून सलत आहे.

अंड्याचे वय हा हौशी चौकशीचा विषय नाही. भरल्या अंड्यांच्या बाबतीत तर पदार्थ साधणे न साधणे त्यावरच अवलंबून असते. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात कर्बवायू विरघळलेला असतो व त्याचा सामू साधारण ७.६ इतका असतो. कवचावरील हजारो सूक्ष्म छिद्रांतून हा वायू हळूहळू बाहेर पडतो आणि काही दिवसांत सामू ९ च्या वर जातो. सामू कमी असताना उकडलेला पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो, म्हणून अगदी ताजे अंडे सोलताना त्याचे लचके निघतात. आठवडाभर थंड जागी ठेवलेले अंडे मात्र गुळगुळीत सुटते. म्हणजे सणाच्या ताटासाठी कालचे अंडे नको आणि महिन्याभरापूर्वीचेही नको. जुन्या अंड्यातील पांढरा भाग पातळ होतो, हवेची पोकळी वाढते व बलक मध्यभागी राहत नाही. मग एका बाजूचे कवच जाड आणि दुसऱ्या बाजूचे फाटके, अशी अवस्था होते. ट्रेवर तारीख असती तर हे सारे गृहिणीला न सांगता कळले असते.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. भरल्या अंड्यांत बलकाबरोबर परंपरेने मेयोनीज मिसळतात. कच्च्या अंड्याचा बलक, तेल आणि लिंबू वा व्हिनेगर घोटून ते तयार होते. तमिळनाडू शासनाने अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये कच्च्या अंड्यांपासून बनवलेल्या मेयोनीजचे उत्पादन, साठवण, वाहतूक व विक्री यांवर ८ एप्रिल २०२५ पासून एक वर्षाची बंदी घातली. त्याआधी केरळने २०२३ मध्ये आणि तेलंगणाने २०२४ मध्ये अशीच पावले उचलली होती. २०२५ चा नाताळ हा चेन्नईसाठी या बंदीनंतरचा पहिला नाताळ होता.

ही बंदी मला योग्य वाटते; परंतु ती अपुरी आहे, असेही माझे मत आहे. बंदीमुळे उपाहारगृहातील वाडगा रिकामा झाला, पण अंड्याचा त्या वाडग्यापर्यंतचा प्रवास आहे तसाच राहिला. साल्मोनेला हा जिवाणू दोन वाटांनी अंड्यात येतो. बाधित कोंबडीच्या अंडाशयातून कवच तयार होण्याआधीच तो आत शिरू शकतो. अन्यथा विष्ठेने माखलेल्या कवचावरून, तडे व छिद्रे यांमार्फत प्रवेश करतो. एकदा तो आत गेला की त्याची संख्या किती वाढेल हे तापमान आणि काळ या दोन गोष्टी ठरवतात. आपल्याकडील सुट्या अंड्यांच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टींची नोंद कोठेही नसते.

चेन्नईत येणारी बहुसंख्य अंडी नामक्कल पट्ट्यातून येतात. हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. २०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले व त्यात आंध्र प्रदेशाखालोखाल तमिळनाडूचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक होता. या यशामागे नामक्कलच्या उत्पादकांची चिकाटी आहे. पाण्याची टंचाई असलेल्या कोरडवाहू मुलखात त्यांनी पिंजरा पद्धतीचे कुक्कुटपालन उभे केले आणि राज्याच्या शालेय पोषण आहारात अंड्याला कायमचे स्थान मिळवून देण्यास हातभार लावला. परंतु मागणी वर्षभर सारखी नसते. आपल्याकडील श्रावणाप्रमाणे तमिळ घरांत पुरट्टासी महिना पाळला जातो. तेव्हा अंड्यांचा खप घसरतो. पुढे उत्तरेतील थंडी आणि नाताळचे केक यांमुळे डिसेंबरात मागणी वाढते आणि भावही चढतात. भाव चढण्याची चिन्हे असली की माल थोडा रोखून धरण्याचा मोह व्यापाऱ्याला होणे स्वाभाविक आहे. तो माल शीतगृहात राहिला की पत्र्याच्या गोदामात, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही.

त्यात चेन्नईचा डिसेंबर हा युरोपातील डिसेंबर नव्हे. येथे नाताळच्या दुपारीही पारा २८ ते ३० अंशांच्या आसपास असतो आणि हवेत दमटपणा भरपूर असतो. शिवाय हा ईशान्य मोसमी पावसाचा व चक्रीवादळांचा काळ. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वर्धा’ वादळ शहरावर आदळले. डिसेंबर २०२३ च्या प्रारंभी ‘मिचाँग’मुळे शहर पाण्याखाली गेले. दोन्ही वेळी अनेक वस्त्यांत दीर्घकाळ वीज नव्हती. नाताळच्या तोंडावर फ्रीज बंद पडण्याची शक्यता येथे गृहीत धरूनच चालावे लागते. थंड हवेच्या देशात रुळलेला पदार्थ आपण उष्ण देशात आणला, तर त्याच्या पाककृतीबरोबर काळजीचे नियमही नव्याने लिहिले पाहिजेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अंड्यांच्या प्रत्येक ट्रेवर अंडी गोळा केल्याचा दिनांक आणि गावाचे नाव असावे. युरोपीय संघात अंड्याच्या कवचावरच उत्पादकाचा संकेतांक छापतात आणि अंडे घातल्यापासून २८ दिवसांची मर्यादा पाळतात. आपल्याकडे एकदम तेवढी यंत्रणा उभी राहणार नाही, हे मान्य आहे. परंतु तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये रबरी शिक्क्याने तारीख उमटवलेली एक चिठ्ठी ठेवण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. दुकानदाराने सुटी अंडी विकताना ती चिठ्ठी ट्रेमध्येच राहू द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. त्याच वेळी कागदी ट्रे पुन्हा न वापरणे व प्लॅस्टिकचे ट्रे धुऊन निर्जंतुक करणे हाही नियम व्हावा. एका फार्मवरची विष्ठा दुसऱ्या फार्मवर नेणारा ट्रे साल्मोनेलाइतकाच बर्ड फ्लूलाही वाट करून देतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की तारीख दिसली तर ग्राहक फक्त आजची अंडी उचलेल आणि चार दिवसांपूर्वीचा माल पडून राहील. ही भीती निराधार नाही. पण त्यावरचा उपाय माहिती दडवण्यात नसून माहिती पूर्ण देण्यात आहे. पोच्ड किंवा हाफफ्राय करायला ताजे अंडे उत्तम, उकडून सोलायला आठवड्याचे अंडे उत्तम, हे ग्राहकाला समजावले तर दोन्ही मालांना गिऱ्हाईक मिळेल. हे समजावण्याचे काम विस्तार कार्यकर्त्यांचे आणि आपल्यासारख्या संस्थांचे आहे. दुसरा आक्षेप असा की चिठ्ठीवर खोटी तारीख टाकली जाईल. काही जण टाकतीलही. तथापि आज तारीखच नसल्यामुळे खोटेपणा पकडण्याचाही मार्ग नाही. नोंद असली तर तपासणी होऊ शकते, आणि प्रामाणिक उत्पादकाला आपला वेगळेपणा दाखवता येतो.

याचा सर्वाधिक लाभ लहान उत्पादकाला होईल, असे मला वाटते. परसातील कुक्कुटपालन करणारी ग्रामीण महिला दहा-बारा कोंबड्यांची अंडी आठवडाभर साठवून बाजारात नेते. मोठ्या फार्मशी भावात तिला स्पर्धा करता येत नाही. ‘काल सकाळी गोळा केलेली, अमुक गावची अंडी’ असे ती लिहून दाखवू शकली, तर तिच्या मालाला विश्वासाची किंमत मिळेल. शिवाय तारीख लिहायची म्हटले की अंडी दररोज गोळा करण्याची व सावलीत ठेवण्याची शिस्त आपोआप लागते.

व्यवस्था बदलेपर्यंत घरच्या स्वयंपाकात काय करावे, हेही सांगणे आवश्यक आहे. आंटींनी यंदा मेयोनीजऐवजी चक्का वापरण्याचे ठरवले आहे. सल्ला माझा होता, आणि श्रीखंडाच्या प्रांतातून आलेल्या माणसाने दुसरे सुचवावे तरी काय? सहा अंड्यांच्या बलकास साधारण चार मोठे चमचे घट्ट चक्का, अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड, मिरपूड, लाल तिखट, मीठ व लिंबाचा रस पुरतो. वरून कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे घातले की नाताळचे हिरवे-लाल रंगही साधतात. अंडी उकळत्या पाण्यात दहा ते बारा मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावीत. जास्त वेळ उकळल्यास बलकातील लोह व पांढऱ्या भागातील गंधक यांचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट कडे येते. ते अपायकारक नसते, पण सणाच्या ताटात शोभतही नाही.

चक्का वापरला म्हणून काळजी संपली, असे मात्र समजू नये. उकडताना कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो. त्यामुळे उकडलेले अंडे कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होते. अंडी आधी उकडून ठेवायची असल्यास फ्रीजमध्येच ठेवावीत व आठवड्याच्या आत संपवावीत. भरलेली अंडी बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. उकाडा फार असल्यास तासाभरातच संपवावीत. कच्ची अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत. गार पाण्यात अंडे आक्रसते व कवचावरचे जिवाणू छिद्रांतून आत ओढले जाऊ शकतात. उकडण्यापूर्वी धुतली म्हणजे पुरे. तारीख नसलेल्या अंड्याचे वय पाण्यात ठेवून ढोबळमानाने ओळखता येते. आडवे तळाशी बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यावे. ही परीक्षा वयाची आहे, जिवाणूंची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. महाराष्ट्राला आपली अंड्यांची गरज भागवण्यासाठी कर्नाटक, तेलंगणा आणि तमिळनाडू या राज्यांवर अवलंबून राहावे लागते. वसईच्या किंवा पुणे कॅम्पातील घरात नाताळला उकडले जाणारे अंडे कदाचित त्याच नामक्कलचे असेल. फरक इतकाच की ते चेन्नईपेक्षा कितीतरी लांबचा प्रवास करून आलेले असेल, आणि त्याच्याही ट्रेवर तारीख नसेल. उत्पादन वाढवण्यासाठी आपल्या संशोधन संस्थांनी जाती दिल्या, खाद्य दिले, लसी दिल्या. आता त्या अंड्याचा दिनांकही ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आपण घ्यावी. पुढच्या नाताळात आंटींनी ट्रे पुढे केला, तर उत्तर त्या ट्रेवरच लिहिलेले असावे, एवढीच इच्छा आहे.