कोतवाल बुकातील पूर्वज

इंग्लंडमधील व्हिक्टोरियाकालीन गिरणी कामगाराचा वंशज आज जनगणनेच्या कुटुंबवार नोंदी व दफननोंदी पडताळून आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचतो. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित झाली त्याच दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या गिरणीत आपलेही पूर्वज राबले; परंतु येथील जनगणनेने माणसे मोजली, त्यांची नावे जपली नाहीत.

नावे उरली ती कोतवाल बुकात आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. गावातील जन्ममृत्यूची वर्दी देणारा कोतवाल पुष्कळदा महारच असे. हे उतारे आम्ही 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा म्हणून जातपडताळणीसाठी काढतो आणि काम होताच बासनात बांधतो. ज्या कागदाने जात चिकटवली, त्याच कागदावर आजोबांचे नाव व गाव आहे. आम्हांस वाटते, तो इतिहासाचे साधन म्हणूनही वाचला पाहिजे. त्यात पणजीचे नाव बहुधा नसते. ते केवळ वृद्धांच्या स्मरणात आहे आणि ते वृद्ध आता थोडेच उरले आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी उतारा व आठवण एकत्र लिहून शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. 14 ऑक्टोबर 1956 पूर्वीचे कष्टही आपलाच वारसा आहेत.