हाताला जाणवते ते

मोटारगाडी बिघडली आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? बनवणाऱ्याने, की चालवणाऱ्याने? प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्याच्या हाताला काहीतरी खुपते आहे, त्याला ‘तुम्हाला भास होतो’ असे ऐकवून वाटेला लावण्याची रीत जुनी आहे. रुंद टायरांच्या महागड्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तर हे वारंवार घडते.

थंड देशातली सकाळ असते. गाडी पार्किंगमधून काढायची म्हणून चालक स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवतो आणि गोगलगायीच्या गतीने निघतो. तोच पुढची चाके अडखळल्यासारखी उड्या मारू लागतात. टायर गोल नसून त्यांना कोपरे आहेत की काय, असे वाटते. स्टिअरिंग हाताला हिसके देते, खालून थडथड आवाज येतो. हीच गाडी हमरस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने लोण्यासारखी धावते! माझ्या भाच्याकडे इंग्लंडमध्ये अशी एक गाडी आहे. एका जानेवारीत त्याच्या शेजारी बसून मीही हे धक्के खाल्ले. वर्कशॉपमध्ये तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच : हे या गाडीचे वैशिष्ट्यच आहे. ‘मामा, एवढे पैसे मोजून मी हे वैशिष्ट्य मागितले होते का?’ असे तो मला विचारत होता.

उत्तर खोटे नव्हते. शाळेच्या कवायतीत रांग वळते, तेव्हा आतला मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकतो. गाडीच्या पुढच्या चाकांचेही तसेच. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवे. जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळीवर फिरत असे. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाड्या बनवणाऱ्याने प्रत्येक चाक वेगळे वळवण्याची युक्ती काढली आणि लंडनमध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ साली तिचे पेटंट घेतले. युक्ती एकाची, नाव दुसऱ्याचे. आजही अभियंते तिला आकरमानच्याच नावाने ओळखतात.

स्पोर्ट्‌स कारची आखणी करणारा मात्र आधी वेगाचा विचार करतो. वेगात वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो, टायर किंचित घसरतच वळतात. तिथे आकरमानचा हिशेब जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत दोन्ही चाके समांतर वळण्याकडे झुकतील, अशी तडजोड केलेली असते. तिची किंमत हळू चालताना मोजावी लागते. पूर्ण वळणात दोन चाके दोन वाटा धरू पाहतात. रबर पिळवटते, ताण असह्य झाला की निसटते, पुन्हा पकडते, पुन्हा निसटते. टायर जितके रुंद आणि रबर जितके कडक, तितका धक्का मोठा. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरते. म्हणून ही तक्रार हिवाळ्यात उफाळते आणि हिवाळी टायर बसवले की बरीच कमी होते. आपल्याकडे मॉलच्या तळघरातल्या गुळगुळीत जमिनीवर साधी गाडीसुद्धा वळताना किंचाळते, ती कुरकुर याच कुळातली.

तेव्हा वर्कशॉपचे म्हणणे खरे. तरीही माझे समाधान होत नाही. माझी सारी नोकरी बँकेत गेली. व्याज कमी पडले म्हणून पासबुक घेऊन काउंटरवर येणाऱ्या माणसाचा हिशेब बहुतेक वेळा बरोबरच निघे. पण ‘बरोबर आहे’ म्हणणे निराळे आणि कागदावर मांडून दाखवणे निराळे. पहिल्याने माणूस गप्प होतो, दुसऱ्याने निश्चिंत होतो.

‘वैशिष्ट्य’ हा शब्द धोक्याचा आहे तो एवढ्यासाठीच. प्रत्येक कुरकुरीवर तोच शिक्का मारायची सवय लागली, तर एखाद्या दिवशी खरा बिघाडही त्याखाली झाकला जाईल. वळताना चाकाच्या गतीबरोबर वाढत जाणारी कटकट झिजलेल्या सांध्याची असू शकते. धक्के सरळ जातानाही जाणवले, भर उन्हाळ्यातही तसेच राहिले, एकाएकी सुरू झाले, किंवा स्टिअरिंग सैल वा जड लागू लागले, तर गाडी वर उचलून तपासायलाच हवी. त्या गाडीत आपली माणसे बसलेली असतात.

अपेक्षा फार मोठी नाही. गाडी विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एकदा पूर्ण वळण घेऊन पाहायला लावावे. सोबतच्या पुस्तिकेत चार ओळींत कारण लिहावे आणि कोणती खूण दिसली तर ताबडतोब यायचे, तेही सांगावे. विक्रेत्याला भीती वाटते, की उणे सांगितले तर गिऱ्हाईक हातचे जाईल. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या कर्जदारांना अटी सहीच्या आधी समजावल्या, ते सहसा भांडायला आले नाहीत. भांडण होई ते सहीनंतर कळलेल्या अटींवरून.

चालवणाऱ्यानेही थोडे करावे. स्टिअरिंग अगदी टोकापर्यंत न फिरवता एकाऐवजी दोन खेपांत गाडी काढावी. पुष्कळसे धक्के तिथेच थांबतात. आणि आपल्या हातांवर विश्वास ठेवावा. हाताला जाणवले ते जाणवलेलेच असते. त्याचा अर्थ काय, तेवढे जाणकाराने नीट सांगायचे असते.