२४० नंबर कोणाच्या बापाचा?

मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय: लिनक्सचे डिव्हाइस नंबर.

वर्ध्यात गाडी घेतली की पाटीवर एमएच-३२ येतं, पुढचा नंबर आरटीओ देतं. "आमच्या गल्लीत कोणाचा नाही" म्हणून हिंगणघाटचा कोणी स्वतःच नंबर रंगवून घेत नाही. घेतला तर पोलीस सोडणार नाहीत. लिनक्समध्येही तसंच. मेजर नंबर सांगतो ड्रायव्हर कोणता, मायनर सांगतो त्याचं नेमकं उपकरण कोणतं. /डेव्ह/नल म्हणजे १,३. नाव आपल्यासाठी, कर्नल बघतो तो नंबर.

आणि वर्ध्याकडच्या आमच्या कॉलेजात काय शिकवलं? मेजर २४० ठोकून द्या! का? तर जर्नलमध्ये तसंच आहे. २४० ते २५४ हा पट्टा प्रयोगांसाठी ठेवलाय, मान्य. पण गंमत बघा, कॅरेक्टर ड्रायव्हरने "मला कुठलाही नंबर दे" म्हटलं की कर्नल २५४ पासून खाली २३४ पर्यंत याच पट्ट्यातून वाटत येतो. म्हणजे तुमचा २४० आधीच दुसऱ्याकडे गेलेला असू शकतो. मग 'डिव्हाइस बिझी', ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि पोरं रात्रभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

हे तरी बरं, निदान एरर दिसते. एखाद्या बोर्डाच्या फ्लॅशमध्ये मेकनॉडने बनवलेली जुनी फाइल पडून असते, परवानगी ६६६. मूळ ड्रायव्हर गेला, तोच नंबर दुसऱ्याला मिळाला, की त्या फाइलमधून कोणीही भलतंच उपकरण उघडतो. एरर नाही, काही नाही!

"पण शिकवायला सोपं पडतं." कसलं सोपं? अलॉक_सीएचआरडेव्ह_रीजन हा एकच कॉल नंबर मागून देतो. पुढे डिव्हाइस_क्रिएट केलं की /डेव्हमधली फाइल आपोआप तयार होते. मेकनॉडची गरजच नाही.

२००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलने हा नंबर १६ बिटांचा ३२ बिटांचा केला: १२ मेजरला, २० मायनरला. तरी लोक अजून आठ बिट सरकवून मेजर काढतात. २००५ च्या 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'च्या तिसऱ्या आवृत्तीतही नवीन ड्रायव्हरसाठी नंबर मागूनच घ्या असं सांगितलंय. वीस वर्षं झाली, भाऊ!

तेव्हा पोरांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये २४० दिसला की एवढंच विचारा: सर, हा नंबर आपल्याला दिला कोणी?