आजारी वडिलांकडे जाण्याची किंमत

आजारी आईवडिलांना भेटावयास जाणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपण धरून चालतो. तिच्यावर वृत्तपत्राच्या अग्रलेखाच्या पानावर चर्चा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही वाटत नव्हते. अर्थशास्त्र शिकवीत असूनही या प्रवासाला एक अर्थशास्त्र आहे, हे मला पुस्तकातून नव्हे तर पुण्यातील एका बसथांब्यावर उमगले.

माझे घर उमरेडचे. नोकरी पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात. डिसेंबर महिन्यातील एका शुक्रवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला की, बाबांना अर्धांगाचा झटका आला असून उमरेडहून त्यांना नागपूरच्या रुग्णालयात हलविले आहे. उमरेड ते नागपूर हे अंतर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांचे. ते रुग्णवाहिकेने तासाभरात कापले गेले. पुणे ते नागपूर हे लोहमार्गाने जवळजवळ नऊशे किलोमीटरांचे अंतर कापण्याची पाळी आता माझी होती.

रेल्वेची तत्काळ योजना १९९७ साली सुरू झाली ती अशाच प्रसंगांसाठी, असा आपला समज असतो. परंतु तत्काळची खिडकी प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडते. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला. संकट काही सकाळी दहाच्या आत येत नाही. माझा फोन दुपारी आला, तेव्हा त्या रात्रीच्याच नव्हे तर दुसऱ्या दिवशीच्या जागाही संपल्या होत्या. उरली ती खासगी बस. एरवी ज्या आसनाला बाराशे रुपये पडतात, त्याच आसनाला त्या रात्री अठ्ठावीसशे सांगितले गेले. मी दिले. घासाघीस करण्याची ती वेळ नव्हती, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक होते.

येथेच अर्थशास्त्राचा संबंध येतो. ज्याची गरज टाळता येत नाही आणि पुढे ढकलता येत नाही, त्याची मागणी किंमत वाढली तरी कमी होत नाही. एकाच वस्तूसाठी वेगवेगळ्या ग्राहकांकडून त्यांच्या निकडीप्रमाणे वेगवेगळी किंमत घेणे, याला किंमतभेद म्हणतात. पिगू यांनी १९२० साली त्याची तीन प्रकारांत मांडणी केली आणि तेव्हापासून प्रत्येक क्रमिक पुस्तकात ती आहे. त्याही आधी, १८४९ मध्ये, द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांचे कारण सांगितले होते. त्या डब्यांवर छप्पर घालणे कंपन्यांना परवडत नव्हते असे नाही. ज्यांची ऐपत वरच्या वर्गाची आहे त्यांनी खालच्या वर्गात बसू नये, म्हणून गरिबांना उन्हापावसात बसविले जात होते. आज डब्यांना छप्पर आहे. भेद आता डब्यात नाही, वेळेत आहे. जो दोन महिने आधी ठरवू शकतो त्याला स्वस्त, आणि ज्याला आज रात्रीच निघावयाचे आहे त्याला महाग. राजधानी, शताब्दी, दुरंतो या गाड्यांत २०१६ पासून जागा भरत जातील तसे मूळ भाडे चढत जाते. विमान कंपन्यांचा तर सारा व्यवहारच त्यावर उभा आहे.

या पद्धतीचे समर्थन नाही असे नव्हे. जागा थोड्या आणि मागणारे फार असले की कोणत्या तरी मार्गाने वाटणी करावी लागते. भाडे कृत्रिमरीत्या खाली ठेवले तर रांग लांबते, दलाल बोकाळतात आणि गरजवंताला जागा मिळत नाही ती नाहीच. हा युक्तिवाद मी स्वतः वर्गात शिकवितो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. जो अधिक पैसे मोजतो त्याची निकड अधिक, असे ते गृहीत आहे. ते खरे नाही. अधिक पैसे मोजतो त्याची ऐपत अधिक असते, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. मृत्युशय्येवरील आईकडे निघालेला मजूर आणि सहलीला निघालेला व्यापारी एका आसनासाठी उभे राहिले, तर बाजार ते आसन कोणाला देईल हे सांगावयास नको.

माझ्या शेजारच्या आसनावर त्या रात्री भिवापूरकडचा एक तरुण होता. हिंजवडीत एका कंत्राटदाराकडे तो पहारेकरी होता. त्याची आईही रुग्णालयात होती. मी प्राध्यापक आहे असे कळल्यावर तो म्हणाला, ‘‘सर, तुमाले सुट्टी तरी भेटते. आमाले गेलो तं रोजी जाते, अन् नाही गेलो तं माय जाते.’’ मला किरकोळ रजा होती, प्राचार्यांनी पर्यवेक्षणाची कामे दुसऱ्यांकडे दिली, पगार कापला गेला नाही. त्याला तिकिटाबरोबर प्रत्येक दिवसाची मजुरीही मोजावी लागत होती आणि परत गेल्यावर जागा शिल्लक असेल याची खात्री नव्हती. भेटीची खरी किंमत म्हणजे तिकीट अधिक बुडालेली रोजी अधिक नोकरीची धास्ती. ती उत्पन्नाच्या उलट प्रमाणात वाढत जाते.

प्रश्न पडतो तो असा की, मुळात एवढ्या लोकांना एवढ्या दूर जावे का लागले? याचे उत्तर कोणाच्याही कौटुंबिक निर्णयात नाही. ते राज्याच्या विकासाच्या नकाशात आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले. तीस वर्षांनी, १९८४ साली, प्रा. वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजला तेव्हा राज्याच्या सुमारे ३,१८६ कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी ३९ टक्क्यांच्या आसपास एकट्या विदर्भाच्या वाट्याला आला. पुढे २०१३ मध्ये केळकर समितीने हाच विषय पुन्हा मांडला. समित्यांचे अहवाल कपाटात गेले आणि मुले पुण्या-मुंबईच्या गाड्यांत बसली. उमरेडला कोळशाची खाण आहे, मिरचीचा बाजार आहे; परंतु शिकलेल्या मुलाला पुरेल असे काम थोडे. मागे राहिले ते आईवडील आणि शेती. नागपूर–नागभीड ही आमची छोटी रेल्वेही २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. बाबांच्या बोलण्यात अखेरपर्यंत ती गाडी होती.

‘आईवडिलांना बरोबर का नेत नाही?’ असे सहज विचारले जाते. मी दोनदा नेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचे मन पंधरा दिवसांपलीकडे रमले नाही. आयुष्यभर बांधावर उभा राहिलेला माणूस गॅलरीत उभा राहून काय पाहणार? म्हाताऱ्या झाडाची मुळे हलवू नयेत हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा मुलांवर निर्वाहखर्चाची जबाबदारी टाकतो, आणि वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद करतो. हे योग्यच आहे. परंतु जो मुलगा वडिलांना टाकू इच्छीत नाही, उलट त्यांच्या उशाशी बसू इच्छितो, त्याला हा कायदा एका दिवसाचीही रजा देत नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात ठरावीक किंवा त्याहून अधिक संख्येने कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. स्वतःचा ताप, मुलाची शाळा, बहिणीचे लग्न आणि वडिलांचा अर्धांग हे सारे त्या आठ दिवसांत बसवावयाचे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते. मुलांच्या संगोपनाची जाण शासनाला आहे. परंतु ज्यांनी आपले संगोपन केले त्यांच्यासाठी वेगळी रजा नाही.

इतरत्र असे नाही. जपानमध्ये कुटुंबातील आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी कामगाराला एकूण ९३ दिवसांपर्यंत रजा घेता येते. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने, पात्र कामगाराला बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी परंतु नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा मिळते आणि तिच्या कारणांत आईवडिलांचे गंभीर आजारपण नमूद आहे. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा दिला आहे, तोही बिनपगारी. आपल्याकडे आसाम सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईवडील किंवा सासूसासऱ्यांबरोबर राहण्यासाठी कर्मचाऱ्यांना दोन दिवसांची विशेष रजा दिली. दोन दिवस ही क्षुल्लक गोष्ट खरी; पण शासनाने त्या नात्याची नोंद घेतली हे क्षुल्लक नाही. कुटुंबसंस्थेचा अभिमान आपण जगाला सांगतो. त्या संस्थेसाठी कामाचे दिवस मोजून देण्याची वेळ आली की मात्र ज्यांना आपण कुटुंबहीन म्हणून हिणवितो तेच आपल्यापुढे असतात.

आणि नातेवाइकाची गरज केवळ भावनिक नसते. ज्याने मोठ्या रुग्णालयात चार रात्री काढल्या आहेत त्याला हे सांगावे लागणार नाही. स्ट्रेचर ढकलणे, रक्ताची सोय करणे, तपासणीचे नमुने पोचविणे, औषधे आणणे, रात्री रोग्याला कुशीवर वळविणे ही कामे आपल्याकडे बहुतांशी नातेवाईकच करतात. त्यांच्याशिवाय आपली रुग्णालये एक दिवसही चालणार नाहीत. असे असता हा बिनपगारी सेवक झोपतो कोठे? व्हरांड्यात, जिन्याखाली, झाडाखाली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने दादरला कर्करुग्णांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा चालते. एका निरक्षर संताला जे कळले, ते आपल्या रुग्णालयांच्या आराखड्यांत अद्याप पुरते उतरलेले नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारत गाडी दिवसाउजेडी बारा तासांत पोचविते. अंतर कमी झाले आहे. परंतु वेग ही एक गोष्ट आणि ऐनवेळी जागा मिळणे ही दुसरी. शिवाय रात्रीच्या खासगी प्रवासाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही, हे १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या बसमध्ये पंचवीस माणसे जळून गेली तेव्हा आपण पाहिले.

यावर तीन उपाय सुचवावेसे वाटतात, आणि त्यांपैकी एकालाही मोठा खर्च नाही. पहिला रेल्वेचा. आपत्कालीन कोटा आजही आहे आणि घरातील आजारपण किंवा मृत्यू हे कारण त्यात विचारात घेतले जाते. परंतु त्याची वाट शिफारसपत्रांतून जाते. प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत काही शायिका गाडी सुटण्याच्या काही तास आधीपर्यंत राखून, रुग्णालयातील दाखल क्रमांकाच्या आधारे, साध्या भाड्यात, एका रोग्यामागे दोघांना एकदा द्याव्यात. काही लोक खोटे दाखले आणतील हे खरे. तत्काळ तिकिटांतही दलाल घुसलेच होते. त्यासाठी २०२५ मध्ये आधारची अट आली, योजना मोडीत निघाली नाही. दुसरा उपाय बसभाड्याचा. खासगी बसने एस.टी.च्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. नवा नियम करण्याची गरज नाही. आहे तो पाळला जावा. तिसरा उपाय रजेचा. वर्षाला निदान पाच दिवसांची पगारी शुश्रूषा रजा आणि त्यापुढे पंधरा दिवस बिनपगारी पण नोकरीची हमी असलेली रजा कायद्याने मिळावी, आणि ती कंत्राटी कामगारालाही लागू असावी. लहान मालकाला हा भार झेपणार नाही, असे म्हटले जाईल. त्याच्यासाठी पगारी भाग वगळता येईल. नोकरीची हमी देण्यास पैसा लागत नाही.

त्या डिसेंबरात मी बाबांजवळ सहा दिवस होतो. उजवा हात हलत नव्हता, शब्द जड झाले होते. मला ओळखल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘किती दिवसाची सुट्टी भेटली?’’ सहा म्हटल्यावर त्यांनी मान हलविली आणि मग रोज सकाळी किती उरले ते विचारू लागले. रजा संपली, मी परतलो. फेब्रुवारीत पुन्हा फोन आला तेव्हा मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. वय झाले होते. त्याचा दोष मी कोणावर ठेवीत नाही. मात्र बसमधील तो पहारेकरी वेळेवर पोचला की नाही, आणि पोचल्यावर त्याला किती दिवस थांबता आले, हे मला कळले नाही. त्याने मोजलेली किंमत माझ्याहून पुष्कळ अधिक होती. ती कमी करणे शासनाच्या हाती आहे. त्याला दया म्हणण्याचे कारण नाही. ज्या विकासासाठी ही मुले घरापासून दूर गेली, त्याच विकासाचे हे देणे आहे.