सेत्ते : दोन द्राक्षांची, सात जणांची वाइन

'सेत्ते' ही अकलूजच्या फ्रातेली वाइन्सची मानाची लाल वाइन. सांजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींच्या मिश्रणातून ती तयार होते. तिचा पहिला हंगाम २००९ चा. इटालियन भाषेत फ्रातेली म्हणजे भाऊ आणि सेत्ते म्हणजे सात. इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, अकलूजचे अर्जुनसिंह आणि रणजितसिंह मोहिते-पाटील या भावांच्या तीन जोड्या कंपनीच्या मुळाशी आहेत. सातवे पिएरो मासी, तोस्कानातले वाइन-तज्ज्ञ. वाइन करणाऱ्याची गणना मालकांच्या बरोबरीने व्हावी आणि तीही बाटलीच्या नावातच, असे महाराष्ट्रातल्या वाइन व्यवसायात क्वचितच घडले आहे.

अकलूज हे नीरेकाठचे उसाचे गाव. हीच नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि भीमा त्याआधी अहिल्यानगर जिल्ह्याची श्रीगोंदे-कर्जतकडची दक्षिण सीमा धरून वाहत आलेली असते. दोन्ही मुलुख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. पाऊस कमी, ऊन कडक, हिवाळ्यात दिवस तापलेले आणि रात्री थंड. म्हणून अकलूजच्या अनुभवाकडे नगरच्या बागायतदाराने शेजाऱ्याचा प्रयोग म्हणूनच पाहायला हवे. फ्रातेलीच्या बागा मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे २४० एकरांवर आहेत आणि त्यांतली रोपे फ्रान्सहून आणलेली आहेत.

मिश्रणाची ही कल्पना तोस्कानातून आली. तिथल्या किआंती वाइनच्या जुन्या नियमांत सांजोव्हेसेबरोबर पांढरी द्राक्षे घालणे सक्तीचे होते, त्यामुळे वाइन पातळ पडे. अँतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' ही वाइन त्या नियमांबाहेर काढली आणि लहान ओक पिंपांत मुरवली. १९७५ पासून तिच्यातली पांढरी द्राक्षे पूर्ण गेली आणि सांजोव्हेसेला काबर्नेची जोड कायम झाली. लेबलावर तिला साध्या टेबल वाइनचाच दर्जा लावता येत होता, तरी किंमत आणि मान दोन्ही तिने मिळवले. मासी याच मातीतले. सेत्ते हे त्या परंपरेचे माळशिरस तालुक्यात लावलेले कलम आहे.

ही जोडी जमते याची कारणे वेलीतच आहेत. सांजोव्हेसेचा रंग फिका, पण आम्लता भरपूर, आणि उष्ण मुलखात आम्लता टिकवणारी जात मोलाची. आपल्याकडे मणी पिकताना मॅलिक आम्ल झपाट्याने जळते, जमिनीतून पोटॅश चढतो, रसाचा पीएच वाढतो. मग रंग मळतो, गंधकाची मात्रा लागू पडत नाही आणि वाइन मुरण्याआधीच थकते. काबर्नेचा मणी लहान आणि सालीचा जाड, त्यामुळे रंग आणि टॅनिन तिच्याकडून येतात. एकीचा ताजेपणा, दुसरीचा सांगाडा. दोन्ही जाती एका वेळी तयार होत नाहीत, म्हणून तोडणी वेगळी, आंबवणे वेगळे, आणि प्रत्येक टाकीची चव पाहून मिश्रणाचा निर्णय शेवटी. एकत्र तोडून एकत्र चिरडलेल्या द्राक्षांतून असे मिश्रण होत नाही.

खाण्याच्या द्राक्षावर वाढलेल्या बागायतदाराला इथेच सर्वांत जड जाते. थॉम्पसनमध्ये त्याने आयुष्यभर मणी फुगवला, घड भरला, एकरी टन वाढवले. वाइनच्या लाल जातीत हे सारे उलटे. मणी लहान राहिला तरच रसाच्या मानाने साल जास्त मिळते. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी दोन्ही तशाच, पण गोडी छाटणीनंतर वेलीवर किती घड ठेवायचे हा हिशेब निराळा; विरळणी निर्दयपणे करावी लागते आणि मणी रंगू लागल्यावर पाणी आवरते घ्यावे लागते. तोडणी केवळ ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेवर, ठरवणे ही दुसरी चूक. आपल्या उन्हात साखर आधी चढते, बी मात्र हिरवीच असते आणि टॅनिन कडवट राहते. बी तपकिरी होऊन दाताखाली कडक लागेपर्यंत थांबावे, पहाटे तोडावे, आणि माल तापण्याआधी वाइनरीत पोचवावा.

हे सगळे करणाऱ्याला भाव टनावर मिळत असेल तर तो हे करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. २००१ च्या वाइन धोरणानंतर महाराष्ट्रात वाइनरी झपाट्याने वाढल्या, आणि २००८-०९ च्या मंदीनंतर नाशिककडे वाइनच्या बागा उपटल्याही गेल्या. त्या पडझडीत वजनावर केलेले करार शेतकऱ्याला तारू शकले नाहीत. करारात एकरी उत्पादनाची मर्यादा, पीएच आणि बीची पक्वता यांना दर जोडलेला असणे हाच रास्त मार्ग आहे.

पिंपाचे काम त्यानंतरचे. सेत्ते फ्रेंच ओकच्या पिंपांत वर्षाहून अधिक काळ मुरते. २२५ लिटरच्या पिंपात जेमतेम तीनशे बाटल्यांची वाइन मावते. लाकडातून हळूहळू हवा लागते, टॅनिन मऊ होते, रंग स्थिरावतो. वाइन उडतही राहते, म्हणून पिंप वरचेवर भरून घ्यावे लागते. बाहेर मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तळघर थंड राखण्याचे वीजबिल आणि दोन-दोन हंगाम अडकलेले भांडवल हा या वाइनच्या किमतीतला मोठा भाग आहे. घाईत असलेल्या उद्योजकाने या वर्गाच्या वाइनला हात घालू नये.

बाटलीत गेल्यावरही सेत्ते काही वर्षे सुधारते, मात्र साठवण नीट असेल तरच. बाटली आडवी, अंधारात आणि पंधरा अंशांच्या आसपास राहायला हवी. अहिल्यानगर, शिर्डी रस्ता किंवा पुण्याकडचा महामार्ग, कुठेही दुकानाच्या काचेत उन्हात उभ्या ठेवलेल्या बाटलीचे बूच सुकते, हवा आत शिरते आणि बागेपासून पिंपापर्यंतची सारी मेहनत एका उन्हाळ्यात वाया जाते. ओतताना तापमान सोळा ते अठरा अंश असावे आणि वाइन तासभर आधी उघडलेली असावी; जुन्या हंगामाची असेल तर तळाचा गाळ न ढवळता सावकाश दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी.